भोंग्याच्या पोटातली बॅटरी

१ ऑगस्ट २०२५ रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या स्वैहान इथे पारा ५१.८ अंश सेल्सिअसवर गेला. त्याच वर्षी २४ मे रोजी याच गावी ५१.६ अंश नोंदले गेले होते आणि मे महिन्यासाठी तो देशातला उच्चांक ठरला होता. हवामान खात्याचे आकडे सावलीत, वारा खेळता ठेवून मोजलेले असतात. उन्हात तापणाऱ्या बंद लोखंडी पेटीत याहून दहा-पंधरा अंश सहज जास्त चढतात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे बंदी आहे. त्या वेळी मजूर सावलीला बसतात. यंत्रांना अशी सुट्टी नसते. मोबाइलचा टॉवर, वाहतुकीचा सिग्नल, आपत्तीचा इशारा देणारा भोंगा, ही सगळी मंडळी उन्हातच उभी असतात आणि वीज गेली तर निभावून न्यायला त्यांच्या पोटात बॅटरी असते.

यांत भोंग्याच्या बॅटरीचे नशीब सगळ्यांत विचित्र. टॉवरच्या बॅटरीला वीज गेली की दर वेळी काम पडते. भोंग्याच्या बॅटरीला वर्षानुवर्षे फारसे काही करावे लागत नाही, आणि मग एखाद्या रात्री सगळा भार एकदम तिच्यावर येतो. ती त्या रात्री उभी राहील की नाही, हे आदल्या दिवशी तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. मीटर लावूनही बहुधा सांगता येत नाही. या प्रकरणाचा सगळा विषय या एका अडचणीभोवती फिरतो.

आधी भोंग्याला बॅटरी लागतेच कशाला, हे पाहू. गिरणगावातला भोंगा सुरुवातीला वाफेवर वाजायचा; बॉयलर पेटलेला असला की झाले. पुढे युद्धकाळात शहरोशहरी छपरांवर बसले ते मोटारीवर चालणारे भोंगे. मोटार एक पंखा फिरवते, पंखा हवा ओढून भोकांच्या कड्यातून बाहेर फेकतो, भोके क्षणाक्षणाला उघडमीट होतात आणि तो परिचित चढता-उतरता आवाज निघतो. ही मोटार थेट वीजजाळ्याला जोडलेली असे. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, बिघडण्यासारखे फारसे काहीच नाही. दोष एकच, वीज गेली की भोंगा मुका.

आणि ज्या आपत्तीसाठी भोंगा लावायचा, तीच आपत्ती बहुतेक वेळा आधी वीज घेऊन जाते. जर्मनीत १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. शीतयुद्ध संपल्यावर जर्मनीने आपले हजारो भोंगे निरुपयोगी म्हणून उतरवले होतेच. जे उरले होते, त्यांतल्या जुन्या भोंग्यांचा वीज गेल्यावर उपयोग नव्हता. अमेरिकेने हा धडा त्याच्या कितीतरी आधीच कायद्यात घातला होता. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी इंडियन पॉइंट नावाचे अणुवीज केंद्र होते (ते २०२१ मध्ये बंद झाले). त्याच्या भोवतालच्या भोंग्यांना वीज गेली तरी चालेल अशी पर्यायी सोय हवीच, अशी अट २००५ च्या ऊर्जा कायद्याने घातली. केंद्र चालवणाऱ्या एंटर्जी कंपनीला ही सोय मुदतीत पुरी करता आली नाही. अणुनियामक आयोगाने तिला आधी १ लाख ३० हजार डॉलर आणि पुढच्या मुदतीही हुकल्यावर ६ लाख ५० हजार डॉलर दंड केला. अणुवीज केंद्र चालवणाऱ्या कंपनीला भोंग्यांसाठी दंड भरावा लागावा, यावरून हे काम वाटते तितके सोपे नाही एवढे नक्की दिसते.

आजच्या भोंग्यांत म्हणूनच बॅटरी घरातली झाली आहे. काहींत बॅटरीवर चालणारी मोटार असते, काहींत ॲम्प्लिफायर आणि कर्णे. दुसऱ्या प्रकारच्या भोंग्यांतून नुसता आवाज नव्हे, सूचनाही बोलता येते. वीजजाळे किंवा सौरपॅनेल दिवसभर बॅटरी भरत राहते आणि भोंगा वाजतो तो बॅटरीवरच. बॅटऱ्या बहुधा बारा व्होल्टच्या, एकापुढे एक जोडून चोवीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्ट केलेल्या. आणि त्या बहुतेक ठिकाणी शिशाच्याच असतात. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने केलेली ही युक्ती: एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पातळ गंधकाम्ल. आपल्या इन्व्हर्टरमध्ये आणि मोटारीच्या बॉनेटखाली तीच आहे. भोंग्यातली मात्र सीलबंद असते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतायला टोपणच नसते. खांबावर चढून दर दोन महिन्यांनी पाणी कोण घालणार, म्हणून ही सोय. पण आतले पाणी उडाले तर ते परत भरता येत नाही, हीही त्याच सोयीची दुसरी बाजू.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे नक्की काय होते? एकाच वेळी तीन गोष्टी होतात. धन पट्टीची शिशाची जाळी हळूहळू गंजते आणि वीज वाहून नेणारा तिचा गाभा बारीक होत जातो. चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन बनणारे वायू सीलबंद बॅटरीत बहुतांशी पुन्हा एकत्र येतात, पण सगळे नाही; थोडे झडपेतून निसटतात आणि आतला ओलावा घटतो. आणि बॅटरी पुरी भरली नाही तर पट्ट्यांवर जमलेले लेड सल्फेट कडक खडे धरते. ते मग विरघळत नाही, तेवढी पट्टी कामातून गेली.

या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टींना उष्णता पोसते. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे सूत्र स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी दिले. त्यावरून बॅटरीवाल्यांनी एक ठोकताळा बसवला आहे: पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मे. वेष्टनावर दहा वर्षे लिहिलेली बॅटरी सतत ३५ अंशांवर राहिली तर पाच वर्षे, ४५ वर राहिली तर अडीच. उन्हाळ्यात अबू धाबीची रात्रही तिशीच्या आसपास असते, म्हणजे पेटीला थंड व्हायला फुरसत नाही. आखाती देशांत मोटार चालवणाऱ्या कुणालाही हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तिथे गाडीची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते, आणि बसते ती ऐन उन्हाळ्यात, मॉलच्या पार्किंगमध्ये. पुण्यात तीच चार वर्षे चालली असती.

तिसऱ्या गोष्टीची काळजी वाळवंटातली धूळ घेते. शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की सौरपॅनेलवर बारीक भुकटीचा थर बसतो. पॅनेल पुरते भरत नाही, बॅटरी अर्धपोटी राहते आणि सल्फेट कडक होते. उलट जिथे वीजजाळ्यावरून चार्जिंग होते, तिथे धोका अतिपोषणाचा. सीलबंद बॅटरीला पंचवीस अंशांवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर तरंगत ठेवतात. तापमान वाढेल तसा हा आकडा थोडा उतरवावा लागतो. चांगला चार्जर ते स्वतःच करतो. स्वस्त चार्जर करत नाही. मग बॅटरी तापते, तापल्यामुळे जास्त वीज ओढते, जास्त ओढल्यामुळे आणखी तापते. पेटी उघडावी तर बॅटरी फुगून चौकटीत रुतून बसलेली, बाहेर ओढताही येत नाही.

आता मूळ अडचणीकडे. म्हातारी बॅटरी निवांत असताना तरुण दिसते. मीटर लावला तर ती १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दाखवते, नव्या बॅटरीइतकेच. फरक असतो तो तिच्या अंतर्गत रोधात, म्हणजे वीज बाहेर सोडताना आतल्या आत होणाऱ्या अडवणुकीत. हिशोब सोपा आहे. नव्या बॅटरीचा रोध समजा ५ मिलिओहम. भोंग्याच्या मोटारीने शंभर ॲम्पियर ओढले तर आत ०.५ व्होल्ट खर्ची पडतात, बाहेर बारा व्होल्ट मिळतात, काम चालते. वय होऊन रोध ३० मिलिओहमवर गेला तर त्याच शंभर ॲम्पियरला ३ व्होल्ट आतच जिरतात. बाहेर उरतात साडेनऊ. अशा चार बॅटऱ्या जोडून मिळायला हवेत अठ्ठेचाळीस, मिळतात अडतीस. कंट्रोलर म्हणतो, एवढ्यावर मी चालत नाही.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी इन्व्हर्टर वापरला, त्यांना हा अनुभव आहे. हिरवा दिवा लागलेला, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि वीज जाऊन पंखा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला टूं टूं करत सगळे बंद. पण त्यात एक उपकारही होता. वीज रोज जायची, त्यामुळे बॅटरी बसली हे त्याच आठवड्यात कळायचे. दुबईत हा उपकार नाही. तिथल्या वीज आणि पाणी प्राधिकरणाने २०२४ साठी जाहीर केलेला आकडा असा की एका ग्राहकामागे वर्षभरात वीज गेली ती सरासरी ०.९४ मिनिट. वर्षात एक मिनिटसुद्धा नाही. जगातल्या उत्तम वीजजाळ्यांपैकी हे एक, आणि म्हणूनच त्याच्या आधाराने तरंगणाऱ्या बॅटऱ्यांपैकी कोणती आतून पोकळ झाली आहे, हे ओळखायची आयती संधी तिथे कधी येत नाही. ती मुद्दाम घडवून आणावी लागते.

घडवून आणायची म्हणजे भोंगा वाजवायचा. पण भोंगा वाजवणे कुणाला आवडत नाही. म्हणून यंत्रवाल्यांनी मूक चाचणी काढली. नियंत्रण कक्षातून संदेश जातो, भोंगा उत्तर देतो की मी जागा आहे, बॅटरी इतके व्होल्ट, दार बंद. काही यंत्रे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीतला सूर कर्ण्यांत सोडून कर्णे शाबूत आहेत का तेही तपासतात. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग दिसते. ही चाचणी निरुपयोगी नाही; तुटलेली तार, चोरीला गेलेली बॅटरी, बंद पडलेला चार्जर ती बरोबर पकडते. म्हातारी बॅटरी मात्र ती पकडत नाही, कारण तिला शंभर ॲम्पियर कुणी मागितलेलेच नसतात. बॅटऱ्यांची क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदला, असे अभियंत्यांची मानके सांगतात. ती क्षमता मोजायची तर बॅटरीवर खरा भार टाकून, घड्याळ लावून बसावे लागते. शेकडो खांब असलेल्या खात्याला हे जिवावर येते, आणि त्यापेक्षा तीन ते पाच वर्षांनी सरसकट बॅटऱ्या बदलून टाकणे परवडते. उष्ण प्रदेशात तेही अंतर कमी करावे लागते.

बॅटरी बसलेला भोंगा मुकाच राहतो असे नाही. कधी तो अर्ध्या ताकदीने वाजतो, आणि माझ्या मते हा प्रकार सगळ्यांत फसवा. समजा एक भोंगा तीस मीटरवर १२० डेसिबल देतो. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर साधारण १० डेसिबल उतरतात, असा हिशोब अमेरिकी नागरी संरक्षणाच्या जुन्या मार्गदर्शिकेने घालून दिला आणि तो अजून वापरतात. म्हणजे साठ मीटरवर ११०, एकशेवीसवर १००, असे करत ९६० मीटरवर ७०. त्यापलीकडे रहदारीच्या गोंगाटात भोंगा विरतो. आता बॅटरी थकल्यामुळे ध्वनीची शक्ती निम्मी झाली असे धरा. निम्मी म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. खांबाखाली कानात बोळे घालून उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला हा फरक जाणवणारही नाही. तो वहीत ‘ठीक’ लिहील. पण ऐकू जाण्याची सीमा ९६० मीटरवरून ७८० मीटरवर येते आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाने आक्रसते. कडेच्या वस्तीला भोंगा पोचतच नाही, आणि कागदोपत्री तो चालू असतो.

तिसरा प्रकार उलटा: काही नसताना ओरडणे. बॅटरीचा दाब खाली-वर होऊ लागला की कंट्रोलरमधला छोटा संगणक मध्येच बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि त्या गडबडीत रिले नको तिथे चिकटू शकतो. खोटा भोंगा बॅटरीशिवाय इतर कारणांनीही वाजतो, त्यामुळे प्रत्येक वेळी बॅटरीला दोष देता येत नाही. पण खोट्या भोंग्याने काय होते ते पाहायला आखातात जायची गरज नाही. ६ सप्टेंबर २०२३, बुधवार. गोव्यात पणजीजवळ पर्वरीच्या टेकडीवर जलसंपदा खात्याने उभारलेला पूर्वसूचना यंत्रणेचा भोंगा रात्री साडेनऊच्या सुमारास वाजू लागला आणि वीस मिनिटांहून जास्त वेळ वाजत राहिला. हा भोंगा त्सुनामी, चक्रीवादळासाठी. हैदराबादच्या ज्या इन्कॉइस संस्थेकडून त्सुनामीचा इशारा यायचा, तिने असा कोणताही इशारा दिलेला नव्हता. सराव नव्हता. लोक घाबरले, एकमेकांना फोन करू लागले, आणि भोंगा का वाजला हे त्या रात्री जिल्हा प्रशासनालाही सांगता येईना.

पर्वरीची एक गोष्ट कुणी फारशी बोलून दाखवली नाही. लोक घाबरले कारण त्यांना तो आवाज ओळखीचा नव्हता. मुंबईत १९७१ च्या युद्धानंतरही कित्येक वर्षे रोज सकाळी नऊच्या सुमारास भोंगा होई. लोक त्यावर घड्याळ लावत, शाळेला उशीर झाला की नाही ते ठरवत. कुणी घाबरत नसे. तो भोंगा म्हणजे रोजची संपूर्ण भाराची चाचणीच होती आणि तपासनीस अख्खे शहर. एखाद्या दिवशी दादरचा भोंगा वाजला नाही तर दादरला ते लगेच कळणार. नंतर गोंगाट वाढला, युद्धे मागे पडली, रोजचा भोंगा बंद झाला. ७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने ‘ऑपरेशन अभ्यास’ नावाने देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेतला, तेव्हा भोंगे चालू स्थितीत आणा हा आदेशाचा भाग होता. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूरसह १६ ठिकाणी सराव झाला. या प्रमाणावरचा आधीचा सराव १९७१ चा. मधल्या चोपन्न वर्षांत किती बॅटऱ्या, किती तारा, किती मोटारी मरून पडल्या असतील याचा हिशोब एका दुपारी घ्यायचा होता. काही ठिकाणी हाताने फिरवायचे भोंगे बाहेर काढावे लागले, आणि ते मात्र हमखास वाजले. त्यांना बॅटरीच नसते.

नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर भोंगे होतात. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून एकदा, फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी दीड वाजता. तिथल्या मुलांना तो आवाज ठाऊक असतो आणि खात्याला आपले नादुरुस्त भोंगे ठाऊक होतात. आपल्याकडे याहून साधे उदाहरण सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा होतो. मोबाइल, टीव्ही बंद करून मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला दुसरा भोंगा, मग सुटका. आपत्तीशी त्याचा काही संबंध नाही. पण उद्या त्या गावाला खरोखर इशारा द्यायची वेळ आली तर भोंगा वाजेल का, या प्रश्नाचे उत्तर तिथे रोज संध्याकाळी मिळते. मला विचाराल तर कोकणातल्या प्रत्येक इशारा-टॉवरला असे एखादे रोजचे काम लावून द्यावे.

अमिरातीने दुसरी वाट धरली. आणीबाणी आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी २००७ मध्ये तिथे राष्ट्रीय प्राधिकरण झाले. इशाऱ्यासाठी भर आहे तो मोबाइलवर. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत निर्जंतुकीकरण मोहीम सुरू झाली तेव्हा रात्री घरात राहा असे सांगणारा कर्कश इशारा देशभरातल्या फोनांवर एकदम आला. दुबई-शारजातल्या मराठी घरांतही अनेकांचा हात दचकून फोनकडे गेला. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनच्या खत्म अल शक्ला भागात चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक. तेव्हाही असेच इशारे आले.

फोनची निवड तिथल्या राहणीला धरून आहे. उन्हाळ्यात तिथले घर म्हणजे बंद खिडक्या, दुहेरी काच, चालू एसी. काचेमुळे बाहेरचा आवाज तीसेक डेसिबलने मरतो. बाहेरचा भोंगा बाहेरच्या माणसासाठी असतो, आणि भर उन्हाळ्यात बाहेर असतो तो बांधकामावरचा मजूर, मोटरसायकलवरून जेवण पोचवणारा पोरगा, बंदरावरचा खलाशी. त्यांतल्या कित्येकांचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये किंवा खिशात बंद असतो, आणि इशारा अरबी-इंग्रजीत येतो. फोन आल्यावर भोंगा कालबाह्य झाला असे म्हणणाऱ्यांना हा माणूस दिसत नाही.

शिवाय फोनने बॅटरी टळत नाही, फक्त जागा बदलते. फोनला इशारा पोचवणाऱ्या टॉवरच्या तळाशी त्याच सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या असतात, काही तासांपुरत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आले. खांब पडले, वीज गेली, टॉवर बॅटरीवर गेले आणि बॅटऱ्या संपल्यावर गप्प झाले. रायगड आणि रत्नागिरीच्या कित्येक गावांना त्यानंतर दिवसचे दिवस मुंबईतल्या आपल्या माणसांना ख्यालीखुशालीही कळवता आली नाही.

मग उष्ण प्रदेशात काय लावावे? निकेल-कॅडमियम ही जुनी, जडशीळ आणि महाग बॅटरी उन्हाला सगळ्यांत कमी भिते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने ती १८९९ मध्ये केली. तापमान दहा अंशांनी वाढले तर शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, हिचे साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. म्हणून तेलविहिरी, पाइपलाइन, रेल्वे अशा ठिकाणी ती टिकून आहे. कॅडमियम विषारी, हा तिचा दोष. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी आणि दीर्घायुषी, पण तिच्यासोबत राखणदार सर्किट असते, आणि पेटी फार तापली तर ते बॅटरीला वाचवण्यासाठी वीजच तोडते. बॅटरी वाचते, भोंगा वाजत नाही. इशाऱ्याच्या यंत्राला हा क्रम उलटा हवा. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे पेटीला पांढरा रंग, वर दुहेरी छप्पर, उत्तरेकडे तोंड, किंवा बॅटऱ्या जमिनीखालच्या खड्ड्यात. जमिनीत दोन हात खाली तापमान बरेच स्थिर असते. खड्डा मात्र एप्रिल २०२४ सारख्या पावसात भरू नये याची तजवीज हवी.

बदलताना होणारी चूक जगभर एकच असते. चार बॅटऱ्यांपैकी एक बसली म्हणून तेवढीच बदलतात. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून प्रवाह सारखाच वाहतो. नवीचा आणि जुन्यांचा रोध वेगळा, त्यामुळे चार्जरचा दाब त्यांच्यात सारखा वाटला जात नाही. कुणी जास्त भरते, कुणी उपाशी राहते, आणि वर्षभरात नवीही जुन्यांच्या पंगतीला बसते. बदलायच्या तर चारही, आणि एकाच खेपेतल्या. त्यातही ‘नवी’ म्हणजे केव्हाची, हे पाहावे लागते. गोदामात पडून असलेली शिशाची बॅटरी पंचवीस अंशांवर महिन्याला तीनेक टक्के आपोआप उतरते. दहा अंश वाढले की हा वेग दुप्पट. चाळीस अंशांच्या गोदामात सहा-आठ महिने तशीच ठेवलेली बॅटरी खोका फोडायच्या आधीच सल्फेट धरून बसलेली असू शकते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ बॅटरीवर ठसवलेली बनावटीची तारीख आणि बसवल्याची तारीख, दोन्ही पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतात. दोन तारखांत सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल तर ती खेप परत पाठवतात.